गुप्त तुषार

गेल्या अंकांत आम्हीं माठांतील पाणी गार कां होतें याचा विचार केला होता, आणि तो विषय तेवढ्यावर संपला असें समजून चालू महिन्यासाठीं दुसऱ्याच एका विषयाचीं टिपणें काढून ठेवलीं होतीं. परंतु मध्यंतरीं आमच्या कुटुंबांत एक प्रसंग घडला, आणि माठाचें तेंच तत्त्व एका मोटारीच्या पोटांत दडून बसलेलें आमच्या दृष्टीस पडलें. तेव्हां टिपणें तशींच राहूं देऊन हा प्रसंगच वाचकांपुढें मांडावा असें मनांत आलें. ज्या वाचकांना यंत्रांचा कंटाळा आहे त्यांनीं मधला भाग गाळला तरी आमची तक्रार नाहीं; मात्र काष्ठमद्यार्काविषयीं पुढें जें लिहिलें आहे तें त्यांनीं वगळूं नये, एवढी विनंती आहे.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. त्यांनीं चार महिन्यांपूर्वीं एक परदेशी बनावटीची मोटार दुसऱ्या हातची विकत घेतली. गाडी दिसावयास साधी, परंतु वेगाला अशी कीं, पाय जरा दाबतांच बसणाराची पाठ आसनाला चिकटावी. वैशाखांत एका लग्नाच्या निमित्तानें ते, त्यांच्या मातोश्री व आम्ही असे तिघे साताऱ्यास निघालों. खंबाटकीच्या घाटाची चढण लागली, तोंच पुढच्या भागांतून पत्र्याच्या डब्यांत खडे हालवावे तसा आवाज येऊं लागला. चिरंजीव म्हणाले, "काका, ऊन फार आहे, त्यामुळें असेल." आम्हीं मान डोलावली; कारण त्याहून अधिक ज्ञान आम्हांजवळ नव्हतें. आणखी दोन वळणें झालीं, एक मोठा धक्का बसला आणि मागें निळसर धुराचा लोट उठला. गाडी कशीबशी कडेला घेतली. मागून येणारा मालमोटारवाला वेळींच बाजूला झाला म्हणूनच हें सदर या महिन्यांत निघत आहे. तीन तास त्या उन्हांत दगडावर बसून काढल्यावर गाडीला दुसऱ्या गाडीच्या पाठीवर चढवून पुण्यास धाडलें व आम्ही एस्. टी. नें पुढें गेलों. मंगलाष्टकें अर्थातच चुकलीं.

पुढें आठ दिवसांनीं कारखान्यांतून चिरंजीवांना बोलावणें आलें. आम्हीही कुतूहलानें बरोबर गेलों. तेथील मिस्त्रीनें फळीवर एक पिस्टन ठेवला होता. त्याची कड वितळून खालीं ओघळली होती व कड्यांमधला भाग तुटला होता. आणि त्याच्या शेजारीं अंगठ्याच्या पेराएवढी पितळेची एक वस्तु होती, जिच्या टोंकाला सुईच्या अग्राएवढें छिद्र होतें. "साहेब, हें तुम्हीं बसवलें होतें काय?" असें त्यानें विचारलें. चिरंजीवांनीं ती वस्तु जन्मांत पाहिली नव्हती.

ती वस्तु म्हणजे तुषारमुख, ज्याला कारखान्यांत नॉझल म्हणतात. तिचें काम समजावयास थोडें मागें गेलें पाहिजे.

इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबून त्यावर ठिणगी पाडतात. हवा जितकी अधिक, तितकें पेट्रोल अधिक जाळतां येतें व शक्ति वाढते. म्हणून बाहेर जाणाऱ्या जळक्या वायूच्या झोतावर एक लहानसें चक्र फिरवितात व त्याच आंसावरील दुसऱ्या चक्रानें ताजी हवा इंजिनांत कोंबतात. यालाच टर्बो म्हणतात. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ भोवरा किंवा वावटळ असा आहे, आणि मिनिटास लाखाच्या वर गरगरा फिरणाऱ्या या चक्राला तो शोभतो. परंतु हवा दाबली कीं तापते. सायकलीच्या पंपाचें बूड ज्यानें हात लावून पाहिलें आहे त्याला हें सांगावयास नको. तीस अंशांची हवा दुप्पट दाबाखालीं आणली, तर ती टर्बोंतून बाहेर पडतांना शंभर अंशांच्या पलीकडे सहज जाते. मध्यें एक जाळीदार शीतक बसवून ती निववितात. तरी घाट, वैशाख आणि चार माणसांएवढें सामान असा योग आला म्हणजे तें निवविणें अपुरें पडतें. मग सिलिंडरांत ठिणगीची ज्योत पुढें सरकत असतां, कोपऱ्यांत उरलेलें मिश्रण तिची वाट न पाहतां आपण होऊनच एकदम पेट घेतें. त्या तडाख्याचा जो आवाज, तो आम्हांस डब्यांतील खड्यांसारखा वाटला होता. हा तडाखा वारंवार बसला कीं पिस्टन वितळतो किंवा फुटतो.

आतां यावर उपाय माठाचाच. पाण्याची वाफ होतांना तें सभोंवतालची उष्णता ओढून घेतें. एका ग्रॅमला सुमारें ५४० कॅलरी. काष्ठमद्यार्क, ज्याला मिथेनॉल म्हणतात, तो सुमारें २६० कॅलरी घेतो. आणि पेट्रोल त्याच्याही तिसऱ्या हिश्श्याएवढी घेतें. तेव्हां शीतकाच्या पुढें, हवा इंजिनाच्या मुखाशीं पोंचण्यापूर्वीं, तींत पाणी व काष्ठमद्यार्क यांच्या मिश्रणाचा अत्यंत बारीक फवारा सोडला तर हवा निवते. शिवाय काष्ठमद्यार्क स्वतः अवेळीं पेटण्यास मोठा नाखूष असल्यामुळें तडाख्याला दुहेरी आळा बसतो. नुसतें पाणी कां नको, असें आम्हीं विचारलें. उत्तर असें कीं, पाणी निववितें पण जळत नाहीं. मद्यार्क निववितो आणि जळूनही जातो. यास्तव बहुधा निम्में निम्में घेतात.

मद्यार्क या अर्थाचा जो अल्कोहोल शब्द, तो मूळचा अरबी असून त्याचा पहिला अर्थ डोळ्यांत घालावयाचें अंजन, म्हणजे अतिसूक्ष्म पूड, असा होता. पुढें सूक्ष्म तें सार, आणि सार तो अर्क, असें होत होत तो शब्द दारूवर येऊन बसला. येथें मात्र यंत्रशास्त्रज्ञांनीं त्या द्रवाची पुन्हां सूक्ष्म पूड करून त्याला त्याच्या व्युत्पत्तीकडे परत नेलें आहे, याची आम्हांस मौज वाटली. चिरंजीवांना ती वाटली नाहीं. त्यांचें लक्ष दुरुस्तीच्या बिलाकडे होतें.

ही युक्ति कांहीं कालची नव्हे. केंब्रिजचे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनीं १९१३ सालींच इंजिनांत पाणी फवारून तें थंड राखण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन लढाऊ विमानांत निम्मा काष्ठमद्यार्क, जवळजवळ निम्में पाणी व गंज न चढावा म्हणून किंचित् तेल असें मिश्रण वापरीत, आणि वैमानिकास जीव वांचवावयाचा असेल त्या वेळीं सलग दहा मिनिटेंच तें सोडण्याची मुभा असे. अमेरिकनांच्या थंडरबोल्ट विमानांतही पाण्याच्या फवाऱ्याची सोय होती. परंतु सर्वांत बोधप्रद कथा आहे ती घरगुती मोटारीची. १९६२ सालीं अमेरिकेंत ऑल्ड्समोबाईल कंपनीनें जेटफायर नांवाची मोटार काढली. टर्बो बसवून सामान्य गिऱ्हाइकांस विकलेल्या अगदीं पहिल्या मोटारींपैकीं ती एक. तिचें इंजिन २१५ घनइंचांचें व शक्ति २१५ अश्वांची. म्हणजे दर घनइंचास एक अश्व, ही त्या काळीं मिरविण्यासारखी गोष्ट होती. तडाखा बसूं नये म्हणून तींत पाणी व काष्ठमद्यार्क यांच्या मिश्रणाची एक टाकी ठेवलेली होती आणि त्या मिश्रणाला कंपनीनें 'टर्बो रॉकेट फ्लुइड' असें भारदस्त नांव दिलें होतें. टाकी रिकामी झाली तर हवेचा दाब आपोआप कमी व्हावा म्हणून एक झडपही योजली होती. इतकी काळजी घेऊनही व्हावयाचें तें झालेंच. लोक पेट्रोल भरीत, तेल बदलीत, पण ही तिसरी टाकी भरण्याचें विसरत, आणि मग गाडी चढावर दम टाकते म्हणून कंपनीच्या नांवानें खडे फोडीत. दोन वर्षांत दहा हजारांहून कमी गाड्या खपल्या, १९६३ नंतर तें प्रकरण बंद झालें, आणि पुढें ज्यांना हवें त्यांच्या गाडीचा टर्बो काढून साधी योजना बसवून देण्याची व्यवस्था कंपनीनेंच केली. ही टाकी मुळींच लपविलेली नव्हती, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुस्तकांत तिची माहिती होती, विक्रेता तोंडानें सांगत होता. तरी ही गत झाली.

आमच्या चिरंजीवांच्या गाडींतली टाकी तर लपविलेली होती. मिस्त्रीनें सर्व योजना एक एक करून आम्हांस दाखविली आणि, खरें सांगावयाचें तर, ज्या कोणीं ती बसविली त्याच्या हाताचें कौतुक आम्हांस करावें लागलें. जादा चाकाच्या खळग्यांत काळी चपटी टाकी. चाकाच्या कमानीआड पंप. तेथून निघालेली काळी नायलॉनची नळी विजेच्या तारांच्या नालीदार आवरणांत तारांबरोबरच पुढें नेलेली. तुषारमुख बसविलें होतें तें हवेच्या नळाच्या वरच्या अंगास नव्हे, तर खालच्या अंगास, बॅटरीच्या आड. झांकण उघडून वरून कितीही न्याहाळलें तरी नजरेस न पडावें असें. आणि जागा शास्त्राला धरूनच होती. शीतकाच्या अलीकडे बसविलें असतें तर तुषार शीतकांत थिजून तळाला डबकें झालें असतें. टर्बोच्या आधीं बसविलें असतें तर त्या भयंकर वेगानें फिरणाऱ्या पात्यांवर थेंब आपटून पातीं झिजलीं असतीं. इंजिनाच्या मुखाशीं अगदीं चिकटवून बसविलें असतें तर तुषाराला हवेंत विरावयास अवकाश मिळाला नसता व एका सिलिंडराला अधिक, दुसऱ्याला उणें असा पंक्तिप्रपंच झाला असता. म्हणून मुखापासून वीतभर अंतर सोडलें होतें. नळाची भिंत पातळ, तींत आटे धरत नाहींत; त्यासाठीं तेथें धातूची जाड चकती जोडून मग आटे पाडले होते. असें छिद्र पाडतांना नळ गाडीवरून उतरवून घ्यावा लागतो, नाहीं तर कीस आंत जाऊन इंजिनाचा घात करतो. तीही काळजी त्यानें घेतली असावी. शिवाय पंप बंद असतां इंजिनाच्या ओढीनें टाकींतील द्रव आपोआप शोषला जाऊं नये म्हणून एकमार्गी झडपही होती. एकच गोष्ट नव्हती. टाकी रिकामी झाली असें सांगणारा दिवाही नव्हता, आणि ती रिकामी झाल्यावर दाब उतरविणारी योजनाही नव्हती.

आजकालच्या इंजिनाला स्वतःचे कान असतात. तडाख्याची चाहूल लागतांच तें ठिणगी मागें घेऊन आपला बचाव करतें. परंतु पूर्वींच्या मालकानें फवाऱ्याच्या भरंवशावर गाडींतील संगणकाचे आंकडे बदलून दाब इतका चढविला होता कीं, फवारा थांबल्यावर त्या कानांचा उपयोग होईना. फवारा जोरानें गाडी हांकतांनाच सुटतो, त्यामुळें शहरांत चार महिने टाकी पुरली. खंबाटकीला ती कोरडी पडली.

आतां काष्ठमद्यार्काविषयीं. आपल्या घरांतून मद्य या शब्दाचें वावडें आहे तें वेगळ्या कारणासाठीं. पण हा पदार्थ त्या भांडणाच्या बाहेरचा आहे. तो पोटांत गेला म्हणजे शरीरांतच त्याचें दुसरें विष बनतें व तें प्रथम डोळ्यांवर जातें. थोड्याशा मात्रेनें मनुष्य आंधळा होतो, त्याहून थोड्या अधिकानें दगावतो. २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईस मालाडच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभरांवर माणसें मेलीं, तीं याच द्रव्यानें. हा द्रव दिसावयास पाण्यासारखा, वासाला साध्या मद्यार्कासारखा, आणि कातडींतूनही आंत शिरणारा. अर्धें पाणी मिसळलें तरी तो पेट घेतोच. आणि शुद्ध स्थितींत पेटला तर त्याची ज्वाला दिवसाउजेडीं डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीं. अमेरिकेंत इंडियानापोलिसच्या शर्यतींत अनेक वर्षें हेंच इंधन वापरीत. १९८१ सालीं रिक मिअर्स या चालकाच्या गाडींत इंधन भरतांना तें सांडून पेटलें. माणसें हातवारे करीत इकडे तिकडे धांवत होतीं आणि पाहणारांना आग कोठेंच दिसत नव्हती. शेवटीं त्याच्या वडिलांनींच विझविण्याचें नळकांडें हातांत घेऊन ती विझविली. असा द्रव चिरंजीवांच्या गाडींत, सामानाच्या फळीखालीं, चार महिने होता. त्या फळीवर लग्नाचे लाडू ठेवून आम्ही निघालों होतों. गळती असती तर कोणास कळलें असतें? आणि कळलें असतें तरी तें पाणी आहे असें समजून कोणीही फडक्यानें पुसलें असतें.

गाडी विकणाराला चिरंजीवांनीं दूरध्वनि केला. तो गृहस्थ शांतपणें म्हणाला, "तुम्हीं विचारलें नाहीं, मी सांगितलें नाहीं. विचारतां तर सांगितलें असतें." संभाषण तेथेंच संपलें.

हें ऐकल्यापासून आमच्या मनांत एक शब्द घोळत आहे. गुप्त. हा शब्द ज्या धातूपासून निघाला त्याचा मूळ अर्थ लपविणें असा नसून रक्षण करणें असा आहे. गोपन म्हणजे सांभाळणें. वस्तु सांभाळावयाची तर ती झांकावी लागते, म्हणून पुढें झांकणें हाच अर्थ उरला. त्या तुषारमुखाचा विचार केला तर दोन्ही अर्थ एकाच ठिकाणीं सांपडतात. नळी तारांच्या आवरणांतून नेली ती घासून फाटूं नये म्हणून. पंप कमानीआड ठेवला तो दगडधोंड्यांपासून बचावावा म्हणून. तुषारमुख खालीं ठेवलें तें उष्णतेपासून दूर राहावें म्हणून. इतकें गोपन निर्दोषच म्हणावें लागेल. २०१६ सालीं बी. एम्. डब्ल्यू. कंपनीनें एका गाडींत पाण्याचा फवारा स्वतःच बसविला, त्या गाडींतही पांच लिटरांची टाकी मागच्या सामानाच्या जागींच होती; परंतु ती मालकाला ठाऊक होती. चालकाला, विकत घेणाराला आणि विमा उतरविणाराला ती वस्तु आहे हेंच कळूं न देणें, ही निराळी गोष्ट झाली.

चिरंजीवांचें मत सुरुवातीला आमच्याशीं जुळलें नाहीं. ते म्हणाले, "काका, योजना उत्तम आहे. एक दिवा आणि एक झडप वाढवली कीं काम झालें. वरून कांहीं दिसत नाहीं, तेव्हां तपासणीलाही अडचण नाहीं." हें तरुण रक्ताचें बोलणें. आम्हीं त्यांस एवढेंच सांगितलें कीं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, नोंदणीपुस्तकांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकानें करूं नये असें सांगतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तोच अर्थ कायम केला आहे. एक नळी व एक टाकी त्या कलमांत बसते कीं नाहीं याचा काथ्याकूट वकिलांनीं करावा. परंतु जी गोष्ट तपासणाराच्या दृष्टीस पडूं नये असें आपणांस वाटतें, तिच्याविषयीं आपलेंच मन आधीं साक्ष देऊन बसलेलें असतें. यावर ते कांहीं बोलले नाहींत. त्यांच्या मातोश्री मात्र स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, "त्या दगडावर तीन तास मी बसलें होतें. माझें मत कोणी विचारील काय?" तें कोणीं विचारलें नाहीं, आणि विचारण्याची आवश्यकताही राहिली नाहीं.

सर्व योजना काढून टाकली. इंजिन दुरुस्त झालें, संगणकाचे आंकडे निर्मात्यानें दिलेले होते तसे पुनः भरले. उरलेला द्रव मोरींत न ओततां, विल्हेवाटीची व्यवस्था असलेल्या ठिकाणीं मिस्त्रीनें पाठविला. हवेच्या नळाला पाडलेलें छिद्र बुजविण्यासाठीं नवा नळ घ्यावा, तर त्याची किंमत ऐकून चिरंजीवांनीं कानांवर हात ठेवले. म्हणून त्या आट्यांत पितळेचें बूच बसवून टाकलें. दुरुस्तीला त्यांचे सहा महिन्यांचे शिलकीचे पैसे गेले व ते भरून काढण्यासाठीं आतां गाडी विकावयास काढली आहे.

पहिलें गिऱ्हाईक आलें त्या दिवशीं आम्ही तेथेंच होतों. गृहस्थ जाणकार नव्हते. त्यांनीं रंग पाहिला, आसनें दाबून पाहिलीं, एक फेरी मारली व किंमत मान्य केली. बूच खालच्या अंगाला, बॅटरीच्या आड. तें त्यांना दिसणें शक्यच नव्हतें. त्यांनीं कांहीं विचारलेंही नाहीं. चिरंजीव क्षणभर आमच्याकडे पाहत उभे राहिले. आम्हीं मुद्दाम नजर दुसरीकडे वळविली. कारण उत्तर शिक्षकाच्या चेहऱ्यावरून वाचण्याची विद्यार्थ्यांची खोड आम्हांस छत्तीस वर्षें पुरली आहे. मग त्यांनीं झांकण उघडलें, हातांतला दिवा खालीं धरून गृहस्थांना तें बूच दाखविलें आणि पिस्टनासकट सर्व हकीकत सांगितली. दुरुस्तीचें बिलही पुढें ठेवलें.

गृहस्थांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें, चहा घेतला, घरीं विचारून कळवितों म्हणाले, आणि गेले ते गेलेच. दुसरें गिऱ्हाईक येत्या रविवारीं सकाळीं यावयाचें आहे. तें तुषारमुख तूर्त आमच्या टेबलावर, दौतीशेजारीं पडलें आहे.